शेऱ्याचा रकाना

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

ही वही आसावरीने दिली. सकाळी चहा घेताना मी तिला काडतुसांबद्दल सांगत होतो, तर ती उठली, आत गेली आणि ऑफिसातून मिळालेली कोरी डायरी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "अवधूत, हे सगळं इथे लिही यार. मला लाँड्री लावायचीय." लग्नाला सोळा वर्षं झाली की बायको श्रोता राहत नाही.

तर लिहितो. आमच्या शेजारचे वॉल्ट काल कुंपणापाशी आले. वय अठ्ठ्याहत्तर, एकटेच राहतात. त्यांच्याकडे पणजोबांची रायफल आहे, १८८४ सालची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. त्यांचा धाकटा भाऊ जीन मार्चमध्ये गेला. जाण्याआधी त्याने शिसं वितळवून स्वतःच्या हाताने एकतीस गोळ्या ओतून ठेवल्या होत्या, कॉफीच्या डब्यात. एकेक गोळी बत्तीस ग्रॅमची, हातावर घेतली की हात खाली जातो. नेमबाजीच्या क्लबात २६ ऑक्टोबरला जुन्या बंदुकांचा दिवस असतो. दोघे भाऊ दरवर्षी जायचे. या वर्षी वॉल्टना जीनच्या गोळ्या मारायच्या आहेत. पुढच्या वर्षी जमेलसं वाटत नाही, कारण त्यांच्या नजरेत मधोमध धूसर डाग पडलाय आणि तो वाढतोय.

काडतुसं घरीच भरायची असतात, आणि त्यात बंदुकीची दारू किती घालायची हा सगळा प्रश्न आहे. जास्त झाली तर बंदूक फुटते, आणि बंदूक तर गालाला टेकवलेली असते. वॉल्टना आता तराजूवरचे आकडे दिसत नाहीत, पुस्तकातली बारीक अक्षरंही दिसत नाहीत. म्हणाले, तू डेटाचा माणूस आहेस, एवढं शोधून दे. पुस्तक गराजमध्ये फळीवर आहे.

सतरा वर्षं मी डेटाचं काम करतोय. अमेरिकेतल्या आमच्या या डब्लिनमध्ये, निदान आमच्या गल्लीत, हे आजवर कोणी बोलून दाखवलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

पुस्तक पाहिलं आणि निराशा झाली. एवढ्या जाडजूड ग्रंथात आमच्या गोळीसाठी ओळी किती, तर चार. शिवाय मांडणी गचाळ. एकाच काडतुसाचे तीन वेगवेगळे तक्ते दिलेत, एक जुन्या बंदुकांचा, एक मधल्यांचा, एक नव्या दणकट बंदुकांचा. तेच काडतूस, तीच गोळी, आणि आकडे तीन ठिकाणी तीन. असली डुप्लिकेट माहिती माझ्या टीममधल्या पोरांनी आणली असती तर मी परत पाठवली असती. चार ओळींवर मी साधा टोस्टर विकत घेत नाही.

पुस्तक फळीवर परत ठेवलं.

२२ सप्टेंबर, रविवार

कोणी किती दारू भरली याच्या पाच दिवसांत दोनशे चौदा ओळी जमवल्या. नेमबाजांच्या चर्चांची पानं, जुन्या मासिकांचे स्कॅन, व्हिडिओखालच्या कमेंट्स. माणसं किती मोकळ्या मनाची असतात हे पाहून भरून आलं. टेक्सासमधला एक माणूस तर आपले सगळे आकडे टाकून वर जेवायला बोलावतो.

आज सफाई केली. शेवटचा रकाना, लोकांच्या टिपणांचा, काढून टाकला. दोनशे चौदापैकी एकशे सदतीस ठिकाणी तो रिकामा होता आणि उरलेल्यात नुसतं गावगप्पांचं साहित्य. कोणाचा मेव्हणा, कोणाची हातोडी. आकडेमोडीत मेव्हण्याला काय किंमत द्यायची? शीट आता आरशासारखी लख्ख झाली आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

सासरे आले. अण्णा बार्शीच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले त्याला सोळा वर्षं झाली, पण आजही दूधवाल्याची पावतीसुद्धा तारखेवार लावून ठेवतात. मला अजून 'अवधूतराव' म्हणतात. तीन महिने राहणार आहेत. माणूस भला आहे, पण प्रत्येक गोष्टीत 'संदर्भ' विचारतो. फ्रीजमधली भाजी कधीची आहे याचासुद्धा.

मी काय करतोय ते पाहायला त्यांना यायचं होतं, तर आसावरीने नियम सांगितला की व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाने बंदुकीला किंवा काडतुसांना हात लावायचा नसतो. अण्णांनी तो नियम सोवळ्यासारखा घेतला. वॉल्टच्या गराजमध्ये ते टेबलापासून चार फूट लांब, हात मागे बांधून उभे होते. वॉल्टनी त्यांना बघायला म्हणून काडतुसाची रिकामी पितळी नळी पुढे केली, तर अण्णा दोन पावलं मागे सरकले आणि नमस्कार केला. वॉल्टनी मला हळूच विचारलं, यांच्या धर्मात चालत नाही का. मी म्हटलं, तसंच समजा.

५ ऑक्टोबर, शनिवार

आकडा निघाला. दोन दशांशांपर्यंत. दोनशे चौदा ओळींचा कस त्यात उतरलाय.

आज वॉल्टच्या गराजमध्ये बारा काडतुसं भरली. त्यांनी सगळं शिकवलं. डोळे गेले तरी हात सगळं ओळखतात. नळी तळहातावर फिरवून सांगतात, ही थोडी लांब आहे, बाजूला ठेव. मी दारू तोलत होतो. मधेच त्यांनी विचारलं, आकडा पुस्तकाशी जुळतो ना. मी म्हटलं, पुस्तकापेक्षा चांगला आहे. त्यांच्या चेहऱ्यावर जो निर्धास्तपणा आला तो पाहून मला फार बरं वाटलं.

अण्णा मागून म्हणाले की तो कागद एकदा बघायला हवा. मी म्हटलं, अण्णा, तो कागद नाही, मॉडेल आहे. त्यांना बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, तरी प्रत्येक गोष्टीत बोट घालायची सवय. बारा काडतुसं डब्यात घालून वॉल्टच्या हवाली केली.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आजचं सगळं लिहितो. हे न लिहून चालणार नाही.

सकाळी अण्णांनी पूजा मांडली. पाटावर आसावरीचा लॅपटॉप, तिची विळी, माझा स्क्रूड्रायव्हरचा संच. मग मला म्हणाले, "अवधूतराव, तुमचं खरं हत्यार तो तक्ता आहे. तो कुठाय?" मी खूश झालो. नऊ पानांची प्रिंट काढून दिली. अण्णांनी पहिल्या पानावर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मग चष्मा लावला आणि रकान्यांची नावं डावीकडून उजवीकडे वाचायला लागले. कोणी कळवलं, गोळीचं वजन, दारूचा प्रकार, किती, वेग. पान उलटून मागची बाजू पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"शेरा कुठाय?"

मी सांगितलं की तो रकाना होता, पण काढून टाकला.

"काढून टाकला म्हणजे? कोणाच्या आदेशाने?"

मी म्हटलं, माझ्याच. अण्णा पाटावरून उठून खुर्चीवर बसले. बोटाला हळद तशीच. म्हणाले, नोकरीतल्या छत्तीस वर्षांत त्यांनी नोंदवही फाटलेली पाहिली, भिजलेली पाहिली, एकदा बकरीने खाल्लेली पाहिली, पण शेऱ्याचा रकाना कोणी कापून टाकलेला पाहिला नाही. जमिनीचा आकडा तर सगळेच लिहितात. जमीन पुराखाली जाते की नाही, ते शेऱ्यात असतं.

सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी मूळ शीट काढून त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, वाचा, करमणूक होईल. अण्णांनी कचेरीत फाइल वाचून दाखवतात त्याच सुरात, इंग्रजी मजकूर मराठीत करत वाचायला सुरुवात केली.

"ओळ अकरा. फक्त नव्या दणकट रायफलीसाठी. ओळ चौदा. हा आकडा मेव्हण्याने सांगितला, स्वतः अजमावलेला नाही. ओळ एकोणीस. नव्या रायफलीसाठी. ओळ तेवीस. बंदूक उघडेना, लाकडी हातोडीने उघडली."

आसावरी स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली. पुरी तळायचा झारा हातात.

"ओळ एकतीस. टायपिंगची चूक आहे, कृपया हा आकडा वापरू नये. ओळ चाळीस. रायफल चांगली होती." अण्णा थांबले. "होती, असं लिहिलंय."

पहिल्या दोन ओळींना मी हसलो होतो. चाळिसाव्या ओळीला मी शीट ओढून घेतली आणि स्वतःच मोजायला लागलो. शेरे असलेल्या सत्त्याहत्तर ओळींपैकी एक्केचाळीस नव्या बंदुकांच्या होत्या. त्यांनी माझी सरासरी वर ओढली होती. पुस्तकातल्या त्या तीन तक्त्यांना मी गचाळ म्हणालो होतो. एकशे चाळीस वर्षांच्या बंदुकीत मी आजच्या बंदुकीचा भार घातला होता, दोन दशांशांपर्यंत मोजून. आणि वॉल्ट गुरुवारीच म्हणाले होते, शनिवारी सकाळी एका मित्राच्या गाडीतून क्लबात जाऊन दोन-तीन मारून बघतो.

पावणेदहा वाजले होते. फोन केला, उचलेनात. पुन्हा केला. गाडीची किल्ली माझ्या हातातून खाली पडली, ती आसावरीने उचलली आणि म्हणाली, "तू नको ड्राइव्ह करूस." कढई तशीच सोडून निघालो. अण्णाही आले. सोवळ्याचं रेशमी धोतर, त्यावर आसावरीचं जांभळं विंटर जॅकेट, हातात पूजेची नऊ पानं आणि मूळ शीट, दोन्ही. पुरावा म्हणून. रस्ता अर्ध्या तासाचा होता. मी सारखे वॉल्टचे डोळे आठवत होतो. आधीच अर्धे गेलेले, आणि उरलेले मी घालवणार होतो.

क्लबात पोचलो तर गोळीबाराचा आवाजच नव्हता. धावत शेडपाशी गेलो. सगळे नेमबाज बंदुका उघड्या टाकून हातांची घडी घालून उभे, आणि समोरच्या मैदानातून सात टर्की पक्षी रांगेने चाललेले. घाई नाही. चार पावलं चालायचं, एक दाणा टिपायचा, इकडेतिकडे बघायचं. मैदानात जनावर असलं की सगळ्यांनी थांबायचं असा नियम. अर्धा तास झाला म्हणे थांबलेत. वॉल्ट टोकाच्या बाकावर बसले होते. रायफल उघडी, शेजारी माझा डबा, एक काडतूस बाहेर काढून उभं ठेवलेलं.

मी म्हणालो, "वॉल्ट, ती मारू नका. आकडा चुकलाय. माझी चूक आहे."

त्यांनी चूक काय ते विचारलं. मी सांगितलं. शेरे, सरासरी, सगळं. मग त्यांनी विचारलं, पुस्तकात काय आहे. मला सांगावं लागलं की पुस्तकातल्या चार ओळी मी पाहिल्या आणि कमी म्हणून सोडून दिल्या, आणि 'पुस्तकापेक्षा चांगला' हे मी माझ्या मोठेपणासाठी म्हटलं होतं. त्यांच्याकडे बघून हे बोलवेना, म्हणून टर्कींकडे बघून बोललो.

वॉल्टनी ते काडतूस उचलून डब्यात परत ठेवलं, झाकण लावलं. मग विचारलं, "तू स्वतः मारलं असतंस यातलं एक?"

मी लगेच हो म्हणालो. त्यांनी मान हलवली. अण्णांनी पुढे होऊन आमच्या कोपऱ्यावरच्या रेडबडच्या झाडाचं पान त्यांच्या हातात दिलं, 'गोल्ड' म्हणाले आणि वाकून नमस्कार केला. इथे आपट्याऐवजी आम्ही तेच वापरतो, आकार तसाच असतो. वॉल्टनी पान खिशात घातलं.

घरी येताना गाडीत मला कळलं की मी खोटं बोललो होतो. मी मारलं नसतं. स्वतःच्या गालाला टेकवायची वेळ आली असती तर मी दहा वेळा पुस्तक उघडलं असतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

बाराही काडतुसं उघडली. त्याला हातोडीसारखं एक प्लास्टिकचं हत्यार असतं. काडतूस त्यात अडकवायचं आणि जमिनीवर ठोकायचं, की गोळी आणि दारू सुटी होते. दीडशेच्या वर ठोके झाले. अण्णा चार फुटांवरून मोजत होते. जीनच्या बाराही गोळ्या मिळाल्या, त्यातल्या दोघींची नाकं थोडी चेपली. वॉल्ट त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, चालेल, जीनचंही नाक असंच होतं.

माझ्याशी बोलतात नेहमीसारखंच. तेच जास्त लागतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बंदुकीची दारू बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. एक बाई बोलल्या, आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा. मी गोळीपासून सुरुवात केली तर मधेच थांबवून विचारलं, बंदूक कोणती. साल किती. जुनी मूळची आहे की नवी नक्कल. जाणकाराने तपासली आहे का. मग कुठे गोळीचं वजन, शिसं की तांब्याचं वेष्टण. मी म्हटलं, माझ्याकडे दोनशे चौदा ओळी आहेत. त्या म्हणाल्या, कुठल्या बंदुकीच्या?

शेवटी त्यांनी पुस्तकाचं नाव आणि पान सांगितलं. तेच पुस्तक, त्याच चार ओळी. सर्वात खालच्या आकड्यापासून सुरू करा, ओळींच्या बाहेर जाऊ नका, आणि जे पुस्तकात नाही त्याचं उत्तर 'नाही' असं समजा. मी विचारलं, मधला एखादा अंदाज काढला तर? त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. का, ते सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

काल बंदूक दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने वॉल्टची रायफल सुटी करून भिंगाखाली पाहिली. म्हणाला, ठणठणीत आहे, पण वयाचा मान ठेवा.

आज पुन्हा भरली, सर्वात खालच्या ओळीप्रमाणे. दहाच. प्रत्येक वजन मी वाचलं, आसावरीने पुन्हा वाचलं, आणि अण्णांनी वहीत उतरवलं. त्यांनी स्वतः पट्टीने रकाने आखलेत. शेऱ्याचा इतका रुंद आहे की आकड्यांना दाटीवाटी झालीय. सातव्या काडतुसापुढे लिहिलंय: 'तोलताना जावईबापूंना शिंक आली. पुन्हा तोलले.'

पुस्तकात या भाराचा वेग बघून मी म्हटलं की गोळी फारच सावकाश जाईल. वॉल्ट म्हणाले, जीनलाही घाई नसायची.

२६ ऑक्टोबर, शनिवार

थंडी होती, ऊन होतं. शेडमध्ये सगळे म्हातारे आणि त्यांच्याहून म्हाताऱ्या बंदुका. अण्णा कानावर आवाज अडवणारे मोठे लाल मफ लावून लाल रेषेच्या मागे उभे, हात पाठीशी. दोनशे यार्डांवर लोखंडी रेड्याची आकृती टांगलेली असते, ती मारायची.

वॉल्टनी पहिलं काडतूस बोटांनी चाचपलं आणि रायफल माझ्या हातात दिली. म्हणाले, जो भरतो तो पहिलं मारतो, आम्हा भावांत असंच होतं. मी भ्यालो. उघड लिहितो, खूप भ्यालो. पण त्या दिवशी लगेच 'हो' म्हणालो होतो तसं आज म्हणावं लागलं नाही. मनात पुस्तकाचं ते पान आलं, खालची ओळ आली, बाईंचा आवाज आला. गाल लाकडाला टेकवला आणि चाप ओढला.

खांद्याला दणका बसला, धूर झाला. बंदूक शाबूत, मी शाबूत. रेडा जागचा हलला नाही, गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक. वॉल्टनी काडतुसाची रिकामी नळी काढली, फुगली-चिरली नाही ना हे बघायला तिच्या बुडावरून नख फिरवलं, कडेने बोट फिरवलं आणि म्हणाले, छान, आता सरक.

मग ते बसले. मी शेजारी दुर्बीण लावली. त्यांना रेडा दिसत नव्हता, नुसता काळा ढग दिसतो म्हणाले. तेव्हा मी सांगायचं आणि त्यांनी सुधारायचं. पहिली मारली. मला वाटलं म्हणावं, जवळून गेली. तोंडावर आलंच होतं. पण म्हटलं, "डावीकडे दोन फूट, खाली तीन." त्यांनी दुसरी भरली. "डावीकडे एक. खाली दोन." मागे कोणीतरी चुकचुकलं. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी जे दिसलं तेच सांगितलं, वाईट वाटत असताना सांगितलं. पाचवीला माती रेड्याच्या पायाशी उडाली. "बरोबर मध्ये. खाली अर्धा फूट."

सहावीला त्यांनी बराच वेळ घेतला. श्वास सोडला, थांबले, मारली. धूर पसरला. दुर्बिणीत मला काहीच दिसेना, धूर आणि ऊन. सांगायला तोंड उघडलं, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. गोळी अजून वाटेत होती.

मग लांबून आवाज आला. ठण्ण.

मी म्हणणार होतो, वॉल्ट, लागली. त्यांनी हात वर केला. रायफल तशीच खांद्याला, डोळे मिटलेले.

"सांगू नकोस," ते म्हणाले. "ऐकलं मी."